परस्पर संमतीचा घटस्फोट, वकिलाशिवाय: शेवटच्या तारखेची फाइल कशी तयार करायची

दोघेही तयार आहेत, भांडण उरलेले नाही, तरी फाइल तारखेमागून तारीख अडकते. कारण बहुतेक वेळा कायद्याचे नसतेच. लग्नाच्या दाखल्यावर एक नाव आणि आधारवर दुसरे. याचिकेत वेगळे राहण्याची तारीख एक, प्रतिज्ञापत्रात भलतीच. तडजोडनाम्यात ‘पोटगीचा विषय मिटला आहे’ एवढेच वाक्य, आकडा नाही. अशा फाइलवर न्यायाधीश सही करत नाहीत, आणि करूही नये.

हा लेख हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम १३-ब बद्दल आहे. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख विवाहांना लागू होतो. विशेष विवाह कायद्याच्या कलम २८ खालचे टप्पे जवळपास हेच आहेत. पण इथेच पहिली चूक होते. विधिवत लग्न करून नंतर नुसती नोंदणी केली, तर ते आपोआप विशेष विवाह कायद्याखालचे लग्न ठरत नाही. दाखल्यावर कोणत्या कायद्याचे नाव छापले आहे ते वाचा: विशेष विवाह कायदा असेल तर याचिकेत कलम २८ टाका, नसेल तर कलम १३-ब. मुस्लिम, ख्रिस्ती व पारशी विवाहांचे कायदे वेगळे आहेत, ते इथे घेतलेले नाहीत.

टप्पा १: हा रस्ता तुमचा आहे ना, ते पाहा

कलम १३-ब ला तीन गोष्टी लागतात. याचिका दाखल करण्याआधी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असणे, एकत्र नांदणे शक्य न झालेले असणे, आणि विवाह संपवायला दोघांची राजीखुशीची संमती असणे. ‘वेगळे राहणे’ म्हणजे पत्ता वेगळा असायलाच हवा, असे नाही. एकाच छपराखाली राहूनही पती-पत्नी म्हणून संसार थांबलेला असू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुरेष्टा देवी प्रकरणात सांगितले आहे. तुमचे तसे असेल तर तसेच लिहा. भाड्याच्या खोलीचा खोटा पत्ता टाकू नका; न्यायालयातल्या समुपदेशकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला तो उघडा पडतो.

वकील नसल्याचा संकोच नको. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ च्या कलम १३ नुसार तिथे वकील लावणे हा पक्षकाराचा हक्क नाही, वकिलाला न्यायालयाची परवानगी लागते. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे हिंदू विवाह कायद्याची याचिका दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे जाते. तिथेही पक्षकार स्वतः उभा राहू शकतो. कोणत्या गावात दाखल करायची ते हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ वरून ठरते: लग्न जिथे झाले, शेवटी एकत्र जिथे राहिलात, किंवा पत्नी सध्या जिथे राहते तिथे.

मात्र मारहाण, धमकी किंवा ‘सही कर, नाहीतर मुलं दिसणार नाहीत’ असला दबाव असेल तर ही स्वतः करण्याची फाइल नाही. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असते, आणि १५१०० ही त्यांची हेल्पलाइन आहे.

> सावधान: नोटरीपुढे स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलेली सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नाही. एखाद्या समाजात तशी रूढी असेल तर ती न्यायालयात सिद्ध करावी लागते. अशा कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न केलेले लोक पुढे गोत्यात येतात.

टप्पा २: बाकीची प्रकरणे आणि घर

याचिका लिहायच्या आधी कोरा कागद घ्या आणि एकमेकांविरुद्ध जे काही कुठेही दाखल आहे ते लिहून काढा. पोटगीचा अर्ज, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज, ४९८-अ चा गुन्हा (पती किंवा सासरच्यांकडून छळ), पोलिसांतली तक्रार. प्रत्येकापुढे न्यायालय, प्रकरण क्रमांक आणि पुढची तारीख. एकही सोडू नका.

पोटगीचा आणि हिंसाचाराचा अर्ज ज्याने केला तो त्या-त्या न्यायालयात पुरसिस (लेखी निवेदन) देऊन काढून घेऊ शकतो. ४९८-अ चे तसे नाही. हा गुन्हा (१ जुलै २०२४ नंतरच्या घटनांसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ८५) आपसात मिटवता येत नाही; तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावे लागते. ‘दोन्ही पक्ष आपापल्या केसेस मागे घेतील’ हे तडजोडनाम्यातले आवडते वाक्य या गुन्ह्यापुरते निरुपयोगी आहे. त्याऐवजी असे लिहा, की गुन्हा रद्द होण्यास पत्नीची हरकत नाही, तसे प्रतिज्ञापत्र ती अमुक तारखेपर्यंत देईल आणि उच्च न्यायालयाने बोलावल्यास हजर राहील. या एका कामासाठी वकील घ्या, असे माझे स्पष्ट मत आहे. बाकीची फाइल तुम्ही स्वतः करू शकता.

घराचा मामला याहून फसवा. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे आणि एकाने हिस्सा सोडायचा आहे, तर तडजोडनाम्यात एक ओळ लिहून सोसायटीच्या आणि मालमत्तेच्या नोंदी आपोआप बदलत नाहीत. त्यासाठी हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन जोडीदाराला बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे, पण ती नात्यावर टेकलेली आहे. हुकूमनामा (घटस्फोटाचा औपचारिक आदेश) झाला की तुम्ही पती-पत्नी राहत नाही. म्हणजे दस्त निकालाआधी व्हायला हवा. उलट बाजूने पाहा: दस्त फार आधी केला आणि समोरच्याने संमती काढून घेतली, तर घर गेले आणि घटस्फोटही नाही. त्यामुळे दस्ताची तारीख अंतिम सुनावणीच्या अगदी अलीकडच्या आठवड्यांत धरा आणि ती तडजोडनाम्यात लिहा. गृहकर्ज चालू असेल तर बँकेचे पत्र आधी आणा. तुम्ही आपसात काहीही ठरवले तरी सहकर्जदाराचे नाव बँकेच्या संमतीशिवाय निघत नाही.

टप्पा ३: तडजोडनामा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. याचिकेचा मजकूर ठरावीक असतो, तडजोडनामा प्रत्येकाचा वेगळा. कसोटी एकच: दोघांनाही न ओळखणाऱ्या माणसाने तो वाचला, तर कोणी, काय, किती, कधी आणि कसे द्यायचे हे त्याला कळले पाहिजे.

*पैसे.* ‘पतीने योग्य ती रक्कम द्यावी’ हे कलम नव्हे. असे लिहा: ‘अर्जदार क्र. १ हे अर्जदार क्र. २ यांना कायमस्वरूपी पोटगीपोटी एकरकमी रु. ८,००,००० (अक्षरी रुपये आठ लाख फक्त) देतील. पैकी रु. ३,००,००० याचिका दाखल करतेवेळी बँकेमार्फत दिले असून ते मिळाल्याचे अर्जदार क्र. २ यांना मान्य आहे. उर्वरित रु. ५,००,००० अंतिम सुनावणीच्या दिवशी न्यायालयासमोर डिमांड ड्राफ्टने दिले जातील.’ आकडा आणि अक्षरी रक्कम जुळते का ते दोघांनी मोठ्याने वाचून पाहा. रोखीचा व्यवहार टाळा. आणि सगळी रक्कम पहिल्याच दिवशी देऊ-घेऊ नका, कारण हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती काढून घेऊ शकतो.

पत्नीला काहीच नको असेल तर तेही स्पष्ट लिहा: मागची, चालू आणि पुढची पोटगी ती स्वखुशीने सोडत आहे. न्यायाधीश यावर थांबून प्रश्न विचारतात. उत्तर तिने स्वतः द्यायचे असते, शेजारी उभ्या असलेल्याने नव्हे.

*स्त्रीधन.* ‘दागिने परत केले’ एवढ्यावर भागत नाही. जिन्नस, अंदाजे वजन, कोणत्या दिवशी दिले, अशी यादी जोडा आणि खाली पोच म्हणून सही घ्या. काही देणे बाकी असेल तर त्याची तारीख टाका. मंगळसूत्र आणि पाटल्यांवरून अंतिम तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात पुन्हा भांडणे पेटतात. ती या एका यादीने टळतात.

*मुले.* ताबा कोणाकडे, भेटीचे वार आणि वेळ कोणती, उन्हाळ्याची, गणपतीची व दिवाळीची सुट्टी कशी वाटायची, शाळेची फी कोण भरणार, पासपोर्टच्या अर्जावर दुसरा पालक सही करणार का. ‘सोयीनुसार भेट’ असे लिहू नका, कारण तुमचे संबंध बिघडले की ती सोय कधीच जमत नाही. दोन गोष्टी मात्र लिहून उपयोग नाही. एक म्हणजे ‘मुलाची पोटगी आई सोडून देत आहे’. तो हक्क मुलाचा आहे, आईला सोडता येत नाही. दुसरी म्हणजे ‘ताब्यात कधीही बदल मागणार नाही’. मुलाच्या हितासाठी न्यायालय हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली नंतरही आदेश बदलू शकते.

*दोष.* कोणी कोणाला त्रास दिला हे तडजोडनाम्यात नको, याचिकेतही नको. ‘स्वभाव न जुळल्याने व मतभेदांमुळे एकत्र राहणे अशक्य झाले’ इतके पुरे. मनातला सगळा राग तीन पानांत ओतलेल्या याचिका मी वाचल्या आहेत. त्यांचा परिणाम एवढाच होतो, की न्यायाधीशांना खरोखर संमती आहे का अशी शंका येते.

> तपासणी: प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, खाडाखोडीशेजारी दोघांच्या आद्याक्षरी सह्या, शेवटच्या पानावर ठिकाण आणि दिनांक. मुदतीच्या जागी ‘लवकरात लवकर’ हे शब्द कुठेही नाहीत ना?

टप्पा ४: नावे आणि तारखा जुळवा

लग्नाच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, पॅनवर वडिलांचे मधले नाव, पासपोर्टवर आडनावाचे स्पेलिंग वेगळे. आपल्याकडे लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलत असल्यामुळे हा घोळ जवळजवळ प्रत्येक फाइलीत असतो. उपाय सोपा आहे. याचिकेच्या शीर्षकात लग्नानंतरचे पूर्ण नाव, मग ‘उर्फ’, मग माहेरचे पूर्ण नाव. पुढे प्रत्येक कागदावर अक्षरशः तेच शीर्षक नकलून घ्या. एकदा ‘उर्फ’ आणि एकदा ‘पूर्वाश्रमीची’ असे करू नका.

मग एका कागदावर या गोष्टी लिहा: लग्नाची तारीख व ठिकाण, वेगळे राहू लागल्याची तारीख, मुलांची जन्मतारीख, दोघांचे सध्याचे पत्ते. हा कागद न्यायालयात द्यायचा नाही, समोर ठेवायचा. याचिका, तडजोडनामा, प्रतिज्ञापत्रे लिहून झाली की प्रत्येकातली तारीख याच्याशी ताडून पाहा. वेगळे राहू लागल्याचा दिवस नेमका आठवत नसेल तर महिना लिहा, पण सगळीकडे तोच महिना.

सोबत लागणारे कागद: विवाह नोंदणीचा दाखला, दोघांचे ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो, मुलांचे जन्मदाखले, आणि आधीच्या प्रकरणांतल्या आदेशांच्या प्रती. लग्न नोंदवलेले नसेल तर घाबरू नका. नोंदणी नसल्याने लग्न रद्दबातल होत नाही. लग्नपत्रिका, लग्नातला फोटो आणि प्रतिज्ञापत्र जोडा.

टप्पा ५: याचिका दाखल, आणि थांबणे

याचिका मराठीत चालते. ती दोघांची संयुक्त असते: अर्जदार क्र. १ आणि अर्जदार क्र. २, कोणीही ‘सामनेवाला’ नाही. दाखल करताना न्यायालय शुल्काचा स्टॅम्प, कागदपत्रांची यादी आणि पत्त्याचा मेमो लावा. प्रती किती लागतात ते दाखल विभागात विचारून घ्या. हाती मिळालेला सीएनआर क्रमांक (प्रकरणाचा ओळख क्रमांक) जपून ठेवा. पुढच्या तारखा ई-कोर्ट्सच्या ॲपवर त्यावरूनच दिसतात.

दाखल केल्यापासून सहा महिने पूर्ण झाल्यावर आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा न्यायालयासमोर येऊन संमती कायम असल्याचे सांगायचे असते. इंटरनेटवर मिळणारे ‘फर्स्ट मोशन, सेकंड मोशन’चे नमुने बहुतेक दिल्लीकडचे असतात; तिथे दोन वेगळे अर्ज करतात. महाराष्ट्रात साधारणपणे त्याच याचिकेत पुढचे कामकाज होते. ते नमुने जसेच्या तसे उतरवू नका.

सहा महिने टाळता येतात का? सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात सांगितले, की हा काळ सक्तीचा नाही, न्यायालय तो माफ करू शकते. पण त्यासाठी पाहिले जाते ते असे: याचिकेपूर्वीच एक वर्षाच्या वर आणखी सहा महिने वेगळे राहून झाले आहेत का, समेटाचे प्रयत्न फसले आहेत का, पोटगी व ताबा खरोखर मिटला आहे का, आणि थांबण्याने नुसता त्रास वाढेल का. याचिका दाखल केल्यानंतर एका आठवड्याने असा अर्ज करता येतो. अर्ज वेगळा, दोघांच्या सहीचा, प्रतिज्ञापत्रासह. कारण म्हणून ‘लवकर हवा आहे’ चालत नाही.

> सावधान: या काळात तारखा चुकवू नका. दोघेही गैरहजर राहिलात तर प्रकरण निकाली काढले जाऊ शकते, मग सगळे पहिल्यापासून.

टप्पा ६: शेवटच्या तारखेचे कागद

कायदा न्यायालयाला दोनच गोष्टींची खात्री करायला सांगतो: लग्न झाले होते, आणि याचिकेतला मजकूर खरा आहे. शिवाय संमती जबरदस्तीने किंवा फसवून घेतलेली नाही, हे कलम २३ खाली पाहायचे असते. शेवटचे सगळे कागद याच प्रश्नांची उत्तरे आहेत, त्याहून जास्त काही त्यांत भरू नका.

१. *संयुक्त पुरसिस.* सात-आठ ओळींची. आम्ही अमुक तारखेला याचिका दाखल केली, सहा महिने झाले (किंवा अमुक आदेशाने ते माफ झाले), समेट झालेला नाही, संमती आजही कायम आहे, तडजोडनाम्याप्रमाणे हुकूमनामा व्हावा ही विनंती.

२. *सरतपासाची प्रतिज्ञापत्रे.* तुमची शपथेवरची लेखी साक्ष, दोघांची वेगवेगळी. एकच प्रतिज्ञापत्र करून त्यावर दोघांनी सही करणे ही नेहमीची चूक. प्रत्येकात लग्नाची तारीख व ठिकाण, मुले, वेगळे राहू लागल्याची तारीख, त्यानंतर पती-पत्नी म्हणून संबंध नसल्याचे विधान, संमती राजीखुशीची असल्याचे विधान, तडजोडीच्या अटी मान्य असल्याचे आणि त्यांतल्या कोणत्या पूर्ण झाल्या त्याचे निवेदन. शेवटी सत्यापन, म्हणजे अमुक परिच्छेदांतला मजकूर खरा असल्याची घोषणा. परिच्छेद नऊ असताना सत्यापनात ‘परिच्छेद १ ते ७’ राहून जाते, कारण मसुदा मागाहून वाढलेला असतो. आकडे शेवटी मोजा.

३. *मूळ कागद.* झेरॉक्स फाइलीत, मूळ प्रती पिशवीत. पडताळून झाल्या की लगेच परत घ्या.

४. *डिमांड ड्राफ्ट.* तो तीन महिनेच चालतो. सुनावणी पुढे ढकलली जाण्याची शक्यता धरून तो तारखेच्या तोंडावरच काढा. नाव पत्नीच्या बँक खात्यावर आहे तसेच हवे. घटस्फोटानंतर तिने नाव बदलायचे ठरवले असले तरी ड्राफ्टवर आजचेच. झेरॉक्स फाइलीला लावा, आणि मिळाल्याची पोच ड्राफ्ट हातात आल्यावरच लिहून द्या.

५. *इतर प्रकरणांचा पुरावा.* काढून घेतलेल्या अर्जांतल्या पुरसिसच्या किंवा आदेशांच्या प्रती.

प्रतिज्ञापत्रावर घरी सही करून आणू नका. ती नोटरीपुढे किंवा न्यायालयात प्रतिज्ञापत्र नोंदवून घेणाऱ्या अधिकाऱ्यापुढेच करायची. आणि न्यायालयात लगेच दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. बाहेरच्या टेबलावर कोणी पाचशेचा स्टॅम्पपेपर लागतोच म्हणून सांगितले, तर आधी न्यायालयाच्या कार्यालयात विचारा.

टप्पा ७: सुनावणीच्या दिवशी

दोघांनीही यायचे. भाऊ किंवा वडील मुखत्यारपत्र घेऊन येतील आणि संमती सांगतील, या भरवशावर राहू नका. एक जण परदेशात असेल तर व्हिडिओ कॉन्फरन्ससाठी आधीच अर्ज करा.

कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक दोघांशी एकत्र आणि वेगवेगळे बोलतात आणि अहवाल न्यायाधीशांकडे जातो. पाठ केलेली उत्तरे देऊ नका. न्यायाधीश साधेच विचारतात: लग्न कधी झाले, केव्हापासून वेगळे राहता, कोणाचा दबाव आहे का, अटी वाचल्या आहेत का, पैसे मिळाले का, मुले कोणाकडे. आपल्याच प्रतिज्ञापत्रातली तारीख आठवत नाही, असे इथे वारंवार घडते. सकाळी एकदा वाचून जा. चारचौघांत बोलायचे नसेल तर बंद दालनात सुनावणीची विनंती करता येते, कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ११ मध्ये तशी तरतूद आहे.

पुकारा झाला तेव्हा चहाला गेलेले पक्षकार तारीख घालवतात. दालनाजवळच थांबा.

टप्पा ८: हुकूमनामा हातात आल्यावर

न्यायनिर्णय आणि हुकूमनामा हे दोन वेगळे कागद आहेत, दोन्ही घ्या. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) प्रमाणे घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत प्रत्येक पक्षकाराला विनामूल्य मिळते. तरीही नक्कल विभागात अर्ज करून जादा प्रमाणित प्रती घेऊन ठेवा, पासपोर्ट आणि बँकेच्या कामी लागतात.

प्रत मिळाली की तिथेच बाकावर बसून वाचा. नावे, लग्नाची तारीख, प्रकरण क्रमांक, तडजोडनामा हुकूमनाम्याचा भाग केल्याचा उल्लेख. टंकनाची चूक असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली दुरुस्तीचा साधा अर्ज चालतो.

संमतीने झालेल्या कौटुंबिक न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर अपील चालत नाही. तरी हिंदू विवाह कायद्याचे कलम १५ पुनर्विवाहाची मोकळीक अपिलाच्या मुदतीशी जोडते आणि त्याच कायद्याच्या कलम २८ मध्ये ती मुदत ९० दिवसांची आहे. दुसऱ्या लग्नाची तारीख त्यानंतरची धरा, हॉल कितीही स्वस्तात मिळत असला तरी.

भविष्य निर्वाह निधी, विमा, बँकेच्या ठेवी, सोसायटी यांतली नामनिर्देशने न्यायालय बदलून देत नाही. ती प्रत्येक ठिकाणी जाऊन स्वतः बदलायची, आणि हे काम हुकूमनाम्याच्या त्याच आठवड्यात सुरू करायचे.